लोहाचा दुष्काळ आणि जीवाणूंचे शर्कराकवच

काही वर्षांपूर्वी ५२ वर्षांचे एक किराणा व्यापारी आमच्या चिकित्सालयात आले. मधुमेह नऊ वर्षांचा. तीन आठवड्यांपासून सायंकाळी कणकण, अरुची, दौर्बल्य. नेत्र व नखे फिकट. हिमोग्लोबिन १०.४. ज्वर मंद, पांडुता स्पष्ट, म्हणून आम्ही पांडूला प्राधान्य दिले आणि गुडूचीच्या जोडीने पुनर्नवा मंडूर सुरू केले. सहाव्या दिवशी रुग्ण परत आले ते थंडी वाजून आलेला तीव्र ज्वर आणि उजव्या कुशीतील वेदना घेऊन. सोनोग्राफीत यकृतात सहा सेंटिमीटरची विद्रधी दिसली. त्याच दिवशी त्यांना रुग्णालयात धाडले. तेथे पू काढला गेला, प्रतिजैविके कित्येक आठवडे द्यावी लागली आणि रुग्ण वाचले.

पुवाच्या तपासणीत क्लेब्सिएला न्यूमोनिए हा जीवाणू सापडला. तेथील तज्ज्ञांनी आम्हास दूरध्वनीवर दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, रुग्णाचे फेरिटिन ९०० च्या वर होते. म्हणजे शरीरात लोहाचा तुटवडा नव्हताच. दुसरी, संवर्धनाच्या थाळीतील वसाहतीस तार लावून उचलली असता पाकासारखा लांब धागा निघत होता. पहिल्या वाक्याने आमची चूक दाखविली. दुसऱ्या वाक्याचा अर्थ तेव्हा आम्हास कळला नाही. तो शोधताना जे वाचनात आले ते वैद्यबंधू-भगिनींपुढे आणि औषधी विक्रेत्यांपुढे ठेवीत आहोत, कारण लोहकल्प आपण सारेच रोज हाताळतो.

कुलूपबंद कोठार

प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यातील दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये, बरेचसे यकृत व प्लीहेतील फेरिटिनमध्ये. रक्तरसात फिरणारे लोह अवघे ३-४ मिलिग्रॅम आणि तेही मोकळे नव्हे. ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन ते घट्ट धरून ठेवते आणि निरोगी माणसात या प्रथिनाच्या साधारण दोन तृतीयांश जागा रिकाम्याच असतात. एखादा सुटा कण दिसला की तो लगेच पकडला जावा, अशी ही योजना आहे. परिणामी रक्तरसात खरोखर मोकळे असलेले लोह आणि जीवाणूच्या वाढीस लागणारे लोह यांत एकावर सोळा ते अठरा शून्ये इतक्या पटींचे अंतर पडते. आपल्या जुन्या गणनेतील परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्या आसपासचाच हा आकडा. दूध, अश्रू आणि पांढऱ्या पेशींतील लॅक्टोफेरिन हेच काम श्लेष्मल त्वचेवर करते.

हा शोध अंड्याच्या पांढऱ्या बलकातून लागला. १९४४ मध्ये शेड आणि कॅरोलाइन या अमेरिकी संशोधकांनी दाखविले की, कच्च्या बलकात जीवाणू वाढत नाहीत, पण त्यात लोह मिसळले की वाढू लागतात. दोनच वर्षांनी त्यांनी मानवी रक्तरसातही लोह बांधून ठेवणारा घटक असल्याचे सिद्ध केले. पुढे १९७५ मध्ये युजीन वाइनबर्ग यांनी या व्यवस्थेस ‘पोषणात्मक प्रतिकारशक्ती’ अशा अर्थाचे नाव दिले. शत्रूस मारण्याआधी त्याची रसद तोडावयाची, हा तिचा आशय.

२०००-०१ च्या सुमारास या कोठाराचा किल्लेदार सापडला. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे ते द्रव्य. संसर्ग वा शोथ झाला की काही तासांत हेप्सिडिन वाढते. आतड्यातून लोह आत येण्याचा मार्ग अडतो आणि जुन्या रक्तकणांतून रोज सुटणारे २०-२५ मिलिग्रॅम लोह भक्षक पेशींतच अडकून राहते. रक्तरसातील लोह उतरते, फेरिटिन चढते आणि असे काही आठवडे चालले की हिमोग्लोबिनही घसरते. आमच्या रुग्णाची पांडुता ही अशी होती. घरात धान्य होते, पण कोठीला कुलूप होते. आम्ही मात्र बाहेरून आणखी पोती आणून टाकीत होतो, तीही अशा वेळी की आतड्याचे दार बंद होते.

दुष्काळ हीच खूण

येथवरचे बरेचसे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक असेल. पुढचा भाग आम्हास नवा होता. जीवाणू या दुष्काळात केवळ उपाशी राहत नाही. दुष्काळावरून तो आपण कोठे आहोत हे ओळखतो.

अनेक जीवाणूंच्या पेशीत ‘फर’ नावाचे एक नियामक प्रथिन असते. पेशीत लोह पुरेसे असले की ते लोह या प्रथिनास जोडले जाते आणि अशा लोहयुक्त अवस्थेत ते विशिष्ट जनुकांवर बसून त्यांस दाबून ठेवते. लोह संपले की त्याची पकड सुटते आणि दबलेली जनुके एकदम जागी होतात. माती, पाणी वा आतड्यातील मल यांतून जीवाणू रक्तात वा यकृतात शिरला की त्यास पहिला अनुभव येतो तो लोह नाहीसे झाल्याचा. म्हणून लोहाचा अभाव म्हणजे ‘आपण आता मनुष्याच्या देहात आहोत’ हा त्याच्यासाठी निरोपच ठरतो. याचे सर्वात जुने उदाहरण घटसर्पाचे. घटसर्पाचा जीवाणू लोह भरपूर असताना विष निर्माण करीत नाही, लोह आटले की करतो. हे १९३६ मध्येच पॅपेनहाइमर व जॉन्सन यांच्या प्रयोगांत दिसून आले होते. तेथे नियामक प्रथिन निराळे आहे, युक्ती तीच.

या निरोपानंतर जीवाणू प्रथम लोहचोरीची साधने काढतो. सायडेरोफोर नावाचे लहान रेणू तो बाहेर सोडतो. ते ट्रान्सफेरिनच्या मुठीतून लोह ओढून घेतात आणि जीवाणूकडे परततात. शरीराची प्रतिक्रिया अशी की, पांढऱ्या पेशी लिपोकॅलिन-२ नावाचे प्रथिन सोडून यांतील एन्टेरोबॅक्टिन हा रेणू वाटेतच धरतात. त्यावर काही जीवाणूंनी जी तोड काढली ती पाहून आम्ही थक्क झालो. ते एन्टेरोबॅक्टिनला ग्लुकोजचे रेणू चिकटवितात. साखर लागलेला हा रेणू लिपोकॅलिनच्या खोबणीत बसत नाही आणि चोर निसटतो. शर्करेचा संबंध असा चोरीच्या हत्यारापासूनच सुरू होतो.

साखरेचे चिलखत

आता जीवाणूच्या अंगावरील शर्करेकडे वळू. पुष्कळ रोगकारक जीवाणूंच्या भोवती बहुशर्करेचे ओलसर, बुळबुळीत आवरण असते. त्यास इंग्रजीत कॅप्सूल म्हणतात; औषधी दुकानातील कॅप्सूलशी घोटाळा नको म्हणून आम्ही येथे शर्कराकवच हा शब्द योजीत आहोत. न्यूमोकॉकसचे हे आवरण शर्करेचे आहे हे १९२३ मध्ये हाइडेलबर्गर आणि अ‍ॅव्हरी यांनी दाखविले, तेव्हा पुष्कळांना ते खरे वाटेना. प्रतिकारशक्ती प्रथिनांनाच ओळखते असा तेव्हाचा समज होता. १९२८ मध्ये ग्रिफिथ यांनी उंदरांवर दाखविले की, कवच असलेला गुळगुळीत न्यूमोकॉकस प्राण घेतो आणि कवच नसलेला खरखरीत प्रकार निरुपद्रवी ठरतो.

कवचाचे कार्य सांगणे सोपे आहे. भक्षक पेशीला जीवाणू धरता यावा म्हणून रक्तातील पूरक प्रथिने त्यावर खुणा करतात. कवच जाड असले की या खुणा कवचाखाली गाडल्या जातात आणि भक्षक पेशीचा हात निसटतो, तेल लावलेल्या पहिलवानाला धरावे तसा. याच शर्करेला प्रथिनाची जोड देऊन लसी बनतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची मेनआफ्रिव्हॅक ही लस मेनिंजोकॉकसच्या ‘अ’ प्रकारच्या कवचशर्करेपासून बनलेली असून डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो येथून तिची मोठी मोहीम सुरू झाली.

क्लेब्सिएला हा कवचधाऱ्यांतील धनाढ्य. याचा साधा प्रकार रुग्णालयांत दुर्बल रुग्णांना पीडा देतो. परंतु १९८६ मध्ये तैवानमधील वैद्यांनी निराळेच चित्र नोंदविले: बाहेरच्या, चालत्या-फिरत्या माणसांत, बहुशः मधुमेहींत, यकृतविद्रधी आणि सोबत डोळ्यात पसरलेला संसर्ग. या अतिउग्र प्रकाराची वसाहत तारेने उचलली की पाच मिलिमीटरहून लांब धागा निघतो. आम्हास सांगितलेला पाकाचा धागा तो हाच.

तैवानमध्येच २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लोह आणि हे कवच यांचा दुवा मिळाला. क्लेब्सिएलातील ‘फर’ प्रथिन लोहचोरीच्या जनुकांना दाबते तसेच कवच वाढविणाऱ्या नियामकांनाही दाबते. त्यांतील मुख्य ‘आरएमपीए’. फर काढून टाकले की कवचशर्करा वाढते. अर्थात लोह आटले की फरची पकड सैल होणार, एकीकडे सायडेरोफोर सुटणार आणि दुसरीकडे कवच दाट होणार. अधिक बोलकी गोष्ट अशी की, या उग्र प्रकारात एका मोठ्या प्लाझ्मिडवर, म्हणजे मूळ गुणसूत्राबाहेरील जनुकवलयावर, कवच वाढविणारी जनुके आणि एरोबॅक्टिन हा जबर सायडेरोफोर बनविणारी जनुके शेजारी नांदतात. चोराची पिशवी आणि चिलखत एकाच गाठोड्यात. एरोबॅक्टिन लिपोकॅलिनच्या हाती मुळीच लागत नाही, हेही ध्यानी घ्यावे.

येथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. पूर्वी जाड कवच आणि धाग्याचा चिकटपणा एकच मानले जाई. २०२० च्या सुमारास ‘आरएमपीडी’ या छोट्या प्रथिनाचा शोध लागला आणि चिकटपणा केवळ शर्करेच्या मात्रेवर नव्हे, तर तिच्या साखळ्यांच्या लांबीवरही अवलंबून असतो असे दिसून आले. पाक करणाऱ्यास हे नवल वाटू नये. साखर तेवढीच असूनही एकतारी आणि दोनतारी यांत फरक असतोच.

हा विषय दूरदेशीचा राहिलेला नाही. जुलै २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उग्र क्लेब्सिएलाचा कार्बापेनेम प्रतिजैविकांनाही न जुमानणारा प्रकार अनेक देशांत आढळल्याची सूचना दिली. त्या देशांत भारत आहे.

सर्व जीवाणू एका माळेचे मणी नव्हेत

एका उदाहरणावरून नियम बांधण्याची आपल्याला फार हौस. म्हणून दुसरी बाजूही मांडतो. स्यूडोमोनास या जीवाणूच्या काही वंशांत लोह कमी असता अल्जिनेट नावाची श्लेष्मल शर्करा वाढते. परंतु त्याच स्यूडोमोनासवर २००२ मध्ये झालेल्या प्रयोगात लॅक्टोफेरिनने लोह काढून घेतले असता जीवाणू एका जागी स्थिरावून थर बांधीनात, ते भटकत राहिले. एकाच जीवाणूची ही दोन उत्तरे. जीवाणू नसलेल्या क्रिप्टोकॉकस या बुरशीतही लोहाच्या अभावात शर्कराकवच वाढते, हे १९९३ पासून ज्ञात आहे.

साल्मोनेला तर उलट दिशेने वागतो. त्याच्या पृष्ठभागावर फेरिक लोहाचे आधिक्य ओळखणारी यंत्रणा आहे, असे २००० साली सिद्ध झाले. भोवती लोह वाढले की तो आपल्या बाह्य आवरणातील मेदशर्करेवर अमिनोअ‍ॅराबिनोज ही निराळी शर्करा जडवितो. त्यामुळे आवरणाचा ऋण विद्युतभार घटतो आणि पॉलिमिक्सिन वर्गातील प्रतिजैविक त्यास नीट चिकटत नाही. आणि आंत्रिक ज्वराच्या साल्मोनेला टायफीचे प्रसिद्ध ‘व्ही आय’ कवच मुख्यतः भोवतालच्या क्षारतेवर चालते. आतड्यात क्षार अधिक असता झाकलेले, रक्तात उघडे. लोहाला तेथे पहिले स्थान नाही.

मग लोह दिले तर कवच विरळ होईल काय?

आमच्या अभ्यासमंडळात एका तरुण वैद्यमित्राने हाच प्रश्न विचारला. दुष्काळाने कवच दाट होत असेल, तर लोह देऊन ते उतरवावे, असा त्यांचा तर्क. तर्क चतुर आहे, पण देहात टिकत नाही. चंचुपात्रात लोह ओतले की ते सर्व जीवाणूच्या वाट्यास येते आणि फर पुन्हा जनुकांवर बसते. देहात दिलेले लोह प्रथम जीवाणूची संख्या वाढविते. कवच थोडे विरळ झालेले शंभर जीवाणू आणि दाट कवचाचा एक, यांत वैद्याने कशाची निवड करावी? शिवाय कवच हे लोहाच्या एकट्या दोरीने हलत नाही. इतर अनेक नियामक ते चालू ठेवतात.

लोह देण्याचे परिणाम काय होतात हे पडताळण्यास इतिहासात पुरेसे दाखले आहेत. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचे त्रूसो यांनी क्षयी रुग्णांस लोह देण्याविरुद्ध सावध केले होते. न्यूझीलंडमध्ये नवजात बालकांस स्नायूत लोहाची सुई देण्याची प्रथा होती; त्यांत ई. कोलाय व तत्सम जीवाणूंची रक्तदुष्टी वाढल्याचे १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. सोमाली भटक्या जमातींत १९७८ मध्ये लोह दिलेल्या गटात संसर्ग अधिक दिसले. झांझिबारच्या पेम्बा बेटावर, जेथे हिवताप कायमचा वस्तीस, बालकांस नियमित लोह व फॉलिक आम्ल दिले असता रुग्णालयात दाखल होणे व मृत्यू वाढले आणि ती चाचणी थांबवावी लागली. हा वृत्तांत २००६ चा. सर्वात चटका लावणारी घटना २००९ ची, शिकागोतील. प्लेगच्या जीवाणूचा प्रयोगशाळेतील एक वंश लोहचोरीची शक्ती काढून निरुपद्रवी केलेला होता. त्यावर काम करणारा एक संशोधक त्याच वंशाने दगावला. शवचिकित्सेत आढळले की, त्यास शरीरात लोह साचण्याचा आनुवंशिक विकार होता, ज्याची त्यास कल्पना नव्हती. जीवाणूला चोरी करता येत नव्हती, पण येथे तिजोरी उघडीच होती.

पोटातून दिलेले लोहही सर्वथा निष्पाप नाही. शोषले न गेलेले लोह मोठ्या आतड्यात पोहोचते. आयव्हरी कोस्टमधील शाळकरी मुलांत लोहयुक्त बिस्किटे सहा महिने दिल्यावर आतड्यात क्लेब्सिएलाच्या कुळातील जीवाणू वाढले आणि लॅक्टोबॅसिलस घटले, असे २०१० मध्ये नोंदले गेले. आपले लोहभस्म व मंडूर हीही मुख्यतः लोहाची ऑक्साइडेच आहेत. ती वारितर, अपुनर्भव असली तरी आतड्यातील जीवाणूंच्या दृष्टीने ते लोह नाही, असे समजण्यास आम्हास आधार दिसत नाही.

परंतु याचा अर्थ लोहकल्प कपाटात बंद करावेत असा कोणी काढू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रजःस्राव अधिक असलेली, ज्वर नसलेली, फेरिटिन उतरलेली स्त्री आपल्याकडे येते तेव्हा नवायस, मंडूर, धात्रीलोह यांचा आपण संकोच का करावा? लोहाची खरी उणीव रोगप्रतिकारासही घातकच आहे. प्रश्न लोह द्यावे की नाही हा नाही, केव्हा द्यावे हा आहे.

आपल्या ग्रंथांत हे सर्व आधीच होते, असे म्हणण्याचा मोह आम्ही आवरतो. फर आणि हेप्सिडिन संहितांत नाहीत. मात्र ज्वराच्या आरंभी लंघन-पाचन, बृंहण मागाहून, हा क्रम आहे. आणि त्या रुग्णात आम्ही तोच मोडला होता. साम ज्वर अंगात असताना पांडूच्या मागे धावलो, ही चूक आधुनिक चाचण्यांविनाही टाळता आली असती.

तेव्हापासून आमच्या चिकित्सालयात काही गोष्टी बदलल्या. ज्वर असेतो लोहकल्प नाही. पांडुता व ज्वर एकत्र असतील तर सीआरपी आणि फेरिटिन दोन्ही पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या निकषांप्रमाणे निरोगी प्रौढात फेरिटिन १५ च्या खाली, पण संसर्ग वा शोथ असता ७० च्या खाली असेल तरच लोहाची उणीव समजावी. पाच वर्षांखालील बालकांत हे आकडे १२ व ३० आहेत. शोथात फेरिटिन फुगते, म्हणून मर्यादा उंच धरावयाची. मधुमेही रुग्णाचा ज्वर पाच दिवसांत न उतरल्यास यकृताची सोनोग्राफी आम्ही आता टाळत नाही. ते व्यापारी गृहस्थ विद्रधी भरून आल्यावर पुन्हा आमच्याकडे आले. तीन महिन्यांनी त्यांचे हिमोग्लोबिन १२.९ झाले होते. मधल्या काळात त्यांस कोणीही लोह दिलेले नव्हते.

औषधी विक्रेत्यांना एक विनंती. ‘अशक्तपणा आहे, लोहासव द्या’ असे म्हणत येणारे गिऱ्हाईक रोजचे आहे आणि पुष्कळदा ते घरातील दुसऱ्यासाठीच बाटली नेत असते. बाटली हातात देण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारावेत: ज्याला द्यावयाचे त्याच्या अंगात ताप येतो काय, आणि त्याला मधुमेह आहे काय. पहिल्याचे उत्तर होय आले तर बाटली फडताळावर परत ठेवून त्यास वैद्याकडे पाठवावे. दोन्हींची आली तर त्याच दिवशी.